गती, बल, त्वरण पहिल्यांदाच शिकताय? मग या क्रमानं जा

मेकॅनिक्स शिकायला बसलेले बहुतेक जण सूत्रांपासून सुरुवात करतात, तीन समीकरणं पाठ, न्यूटनचे तीन नियम पाठ, आणि मग जरा वेगळं गणित समोर आलं की आता यातलं कुठलं लावायचं म्हणून अडून बसतात. सूत्रं पाठ असून असं होतं कारण अडचण दुसरीकडेच असते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून एक समजूत पक्की बसलेली असते की वस्तू हलतेय म्हणजे तिला काहीतरी ढकलत असणार, आणि ढकलणं थांबलं की वस्तू थांबणार. ही समजूत चुकीची आहे. वेग टिकवायला बल लागत नाही, बलामुळे वेग बदलतो. एवढं एक वाक्य खरोखर अंगात मुरलं तर पुढचं सगळं सोपं जातं, आणि खाली जो क्रम दिलाय तो त्यासाठीच आहे.

गणित फार लागत नाही. साधं बीजगणित, ग्राफ वाचता येणं, आणि साइन-कोसाइन म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. कॅल्क्युलस येत असेल तर छानच, पण नसेल येत तरी अडत नाही.

पायरी १: शून्य कुठे आणि प्लस कुठली दिशा ते आधी लिहा

गणित वाचल्या वाचल्या कागदावर एक रेघ मारा, तिच्यावर शून्य कुठे धरलंय ते दाखवा आणि एक बाण काढून लिहा की ही दिशा प्लस. वर प्लस धरा किंवा खाली प्लस धरा, उत्तर तेच येतं, फक्त एकदा ठरवलं की त्या गणितात मध्येच बदलायचं नाही. मायनसच्या चुका होतात त्यातल्या बऱ्याचशा इथंच होतात, कारण लोक वर जाताना वर प्लस धरतात आणि वस्तू खाली यायला लागली की नकळत खाली प्लस धरतात.

याच रेघेवर दोन फरक उरकून घ्या. अंतर म्हणजे एकूण किती चाललो, विस्थापन म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून आता कुठे आणि कुठल्या दिशेला आहोत. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक पूर्ण फेरी मारली तर अंतर ४०० मीटर पण विस्थापन शून्य. तसंच चाल म्हणजे नुसता स्पीडोमीटरवरचा आकडा, आणि वेग म्हणजे तो आकडा अधिक दिशा. यावर जास्त वेळ घालवू नका, पुढे जाल तसं आपोआप पक्कं होतं.

पायरी २: त्वरणावर मात्र थांबा, इथं घाई नको

त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो. त्याचं युनिट मीटर प्रति सेकंद वर्ग असं लिहितात आणि ते बघून लोक गोंधळतात, कारण सेकंदाचा वर्ग म्हणजे काय हे कुणालाच डोळ्यासमोर येत नाही. त्यापेक्षा ते "मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला" असं वाचा. त्वरण ३ आहे म्हणजे दर सेकंदाला वेगात ३ मीटर प्रति सेकंदाची भर पडतेय, बस.

आता एक उदाहरण नीट बघा, यात जवळपास सगळा विषय आहे. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटताना वेग १९.६ मीटर प्रति सेकंद, वर प्लस. हवेचा अडथळा सोडून देऊ. पृथ्वीजवळ गुरुत्वाचं त्वरण साधारण ९.८, खालच्या दिशेनं, म्हणून मायनस ९.८. म्हणजे दर सेकंदाला वेगातून ९.८ वजा होत जाणार. सुरुवातीला १९.६, एका सेकंदानं ९.८, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी मायनस ९.८, चार सेकंदांनी मायनस १९.६, आणि चेंडू परत हातात.

सगळ्यात वरच्या बिंदूवर, म्हणजे बरोबर दोन सेकंदांनी, वेग शून्य आहे. तिथं त्वरण किती? नवीन शिकणारे जवळजवळ सगळे शून्य म्हणतात. पण आकडे परत बघा, दर सेकंदाला ९.८ वजा व्हायचं कुठेच थांबलेलं नाही, वर जाताना, शेंड्यावर, खाली येताना, सगळीकडे त्वरण तेच मायनस ९.८. शेंड्यावर ते शून्य झालं असतं तर वेग शून्यावरच राहिला असता आणि चेंडू तिथंच हवेत लटकला असता! वेग किती आहे आणि वेग कसा बदलतोय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. मायनस त्वरण म्हणजे वस्तू मंद होतेय असं बरेच जण धरून चालतात, पण तिसऱ्या ते चौथ्या सेकंदात त्वरण मायनसच आहे आणि चेंडू तर जोरात खाली येतोय. खरं असं की वेग आणि त्वरण यांचं चिन्ह सारखं असेल तर चाल वाढते, उलटं असेल तर कमी होते. नुसत्या त्वरणाच्या चिन्हावरून फक्त दिशा कळते.

पायरी ३: तोच चेंडू ग्राफवर काढा

आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष वेग. वरचे पाच आकडे टाका, एक सरळ रेघ येईल जी १९.६ पासून निघून दोन सेकंदांवर आडव्या अक्षाला छेदून मायनस १९.६ पर्यंत खाली जाते. या रेघेचा उतार म्हणजे त्वरण, आणि रेघ सगळीकडे सारखीच उतरतेय म्हणजे त्वरण सगळीकडे सारखं, शेंड्यावरसुद्धा. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. वरचा त्रिकोण अर्धा गुणिले २ गुणिले १९.६ म्हणजे १९.६ मीटर, म्हणजे चेंडू तेवढा उंच गेला, खालचा त्रिकोण तेवढाच पण मायनस, बेरीज शून्य, चेंडू जिथून निघाला तिथंच आला.

उतार आणि क्षेत्रफळ एवढ्या दोनच गोष्टींवर ग्राफचे सगळे प्रश्न सुटतात, फक्त उभ्या अक्षावर स्थान आहे की वेग ते आधी वाचा. स्थानाच्या ग्राफचा उतार वेग देतो, वेगाच्या ग्राफचा उतार त्वरण देतो.

पायरी ४: आता समीकरणं

शेवटचा वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ

विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग

शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

पहिलं म्हणजे ग्राफमधली सरळ रेघ, दुसरं म्हणजे तिच्याखालचं क्षेत्रफळ, आणि तिसरं या दोघांतून वेळ काढून टाकली की मिळतं. ग्राफ काढता आला तर पाठ करायची गरजच पडत नाही. एक अट मात्र कधीही विसरायची नाही, ही तिन्ही फक्त त्वरण स्थिर असेल तेव्हाच चालतात. स्प्रिंगला लटकलेली वस्तू, हवेच्या अडथळ्यातून पडणारी वस्तू, इथं त्वरण सतत बदलतं, तिथं ही वापरली तर उत्तर चुकणारच.

कुठलं वापरायचं ते असं ठरवा, दिलेलं काय आणि विचारलंय काय ते लिहा, मग ज्या गोष्टीचा गणितात उल्लेखच नाही ती ज्या समीकरणात नाही ते उचला. ब्रेकचं गणित घ्या. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद (३.६ नं भागायचं), ब्रेकचं त्वरण मायनस ५. वेळेचा उल्लेख नाही, म्हणून तिसरं समीकरण, ० = १०० − १० × विस्थापन, म्हणजे १० मीटर. आता ताशी ७२, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, तर ० = ४०० − १० × विस्थापन, म्हणजे ४० मीटर. वेग दुप्पट, थांबायचं अंतर चौपट. त्यात ड्रायव्हरला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असं धरलं तर त्या सेकंदात गाडी पहिल्या वेळी आणखी १० आणि दुसऱ्या वेळी आणखी २० मीटर पुढे जाते, एकूण २० विरुद्ध ६०. रस्त्यावर वेगमर्यादा का असते याचं याहून स्पष्ट उत्तर मला तरी माहीत नाही.

दुसरं समीकरण करून बघायचं असेल तर एक पट्टी घ्या. मित्राला ती वरून धरायला सांगा, तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेपाशी उघडं ठेवा, त्यानं न सांगता सोडली की पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल तर ०.२ = अर्धा × ९.८ × वेळेचा वर्ग, म्हणजे वेळ साधारण ०.२ सेकंद. ही तुमची प्रतिक्रिया द्यायची वेळ, स्टॉपवॉचशिवाय मोजली.

पायरी ५: हलतंय म्हणजे ढकललं जातंय, ही समजूत काढून टाका

आतापर्यंत वस्तू कशी हलते एवढंच बघितलं, का हलते ते नाही. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं होतं की जमिनीवरची वस्तू हलत ठेवायला सतत ढकलणारं काहीतरी लागतं, आणि रोजचा अनुभव पण तसाच वाटतो. गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून पाहिले. सरळ पडणारी वस्तू इतक्या झपकन पडते की त्या काळच्या साधनांनी मोजणं अवघड होतं, म्हणून त्यानं उतार घेतला आणि वेळ मोजायला भांड्यातून वाहून जमलेलं पाणी तोललं. लागोपाठच्या सारख्या वेळात गोळा १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापतो हे त्याला दिसलं. मग त्यानं असाही विचार केला की एका उतारावरून उतरलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो, चढ कमी केला तर तेवढी उंची गाठायला तो आणखी लांब जातो, आणि चढ काढूनच टाकला तर? उंची कधी गाठलीच जाणार नाही, गोळा चालतच राहील. त्याला थांबवतं ते घर्षण.

न्यूटननं १६८७ साली याला पहिल्या नियमाचं रूप दिलं, नेट फोर्स (म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज) शून्य असेल तर वेग बदलत नाही. थांबलेली वस्तू थांबलेली राहते, चालणारी सरळ रेषेत त्याच वेगानं चालत राहते. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ यान आज सूर्यापासून दूर सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगानं चाललंय आणि तो वेग टिकवायला त्याला कुठलंही इंजिन चालवावं लागत नाही.

इथं स्वतःला एक प्रश्न विचारा. पॅराशूट उघडून एकसारख्या वेगानं खाली येणाऱ्या माणसावर नेट फोर्स किती? उत्तर शून्य. वजन खाली, हवेचा अडथळा वर, दोन्ही बरोबर सारखे. हे उत्तर पटायला जड जात असेल तर पुढे जाऊ नका, ही पायरी परत वाचा.

पायरी ६: एक वस्तू निवडा, तिचं चित्र काढा

याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात आणि माझ्या मते पूर्ण मेकॅनिक्समध्ये हेच एक कौशल्य सगळ्यात मोलाचं आहे. एकच वस्तू घ्या, तिचा एक ठिपका काढा, आणि तिच्यावर लागणारी बलं बाणांनी दाखवा. ती वस्तू दुसऱ्यांवर जी बलं लावते ती इथं काढायची नाहीत.

बाण शोधायचा क्रम पण ठरलेला ठेवा. आधी वजन, ते नेहमी खाली. मग वस्तूला कोण कोण शिवतंय म्हणजे चिकटून आहे, टेकून आहे, ओढतंय ते बघा, पृष्ठभाग असेल तर त्याच्याशी काटकोनात नॉर्मल फोर्स आणि पृष्ठभागाला समांतर घर्षण, दोरी असेल तर दोरीच्या दिशेनं ताण, हवा किंवा पाणी असेल तर त्यांचा अडथळा. आणि प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोण लावतंय? नाव सांगता आलं नाही तर ते बल नाहीच, खोडून टाका. वर फेकलेल्या चेंडूवर बरेच जण "फेकल्याचं बल" म्हणून वर जाणारा एक बाण काढतात. कोण लावतंय ते? हात तर केव्हाच सुटला. चेंडूवर फक्त पृथ्वीचं ओढणं आहे, बाकी काही नाही.

पायरी ७: दुसरा नियम

नेट फोर्स = वस्तुमान × त्वरण

डावीकडे सगळ्या बाणांची बेरीज, दिशेसकट. १ किलोच्या वस्तूला १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल म्हणजे १ न्यूटन. वजन पण बलच आहे, म्हणून वजन = वस्तुमान × ९.८, ६० किलोच्या माणसाचं वजन ५८८ न्यूटन. चंद्रावर ९.८ च्या जागी १.६२ येतं, तिथं त्याच माणसाचं वजन ९७ न्यूटन, वस्तुमान मात्र ६० किलोच.

जड वस्तू लवकर का पडत नाही हे पण इथूनच कळतं. दुप्पट वस्तुमान म्हणजे पृथ्वी दुप्पट जोरानं ओढते, पण तेवढाच बदल करायला बलही दुप्पट लागतं, भागाकारात वस्तुमान उडून जातं. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून पीस एकदम सोडलं, हवा नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पडली.

आता एक पूर्ण गणित. १० किलोचा खोका सपाट फरशीवर, ५० न्यूटननं आडवा ढकलताय, सरकताना घर्षणाचा गुणांक (म्हणजे घर्षण नॉर्मल फोर्सच्या किती पट ते) ०.३. उभ्या दिशेत खोका हलत नाही, म्हणून नॉर्मल फोर्स = वजन = ९८ न्यूटन. घर्षण = ०.३ × ९८ = २९.४. आडवा नेट फोर्स = ५० − २९.४ = २०.६, त्वरण = २०.६ ÷ १० = २.०६. आणि खोका थांबलेला असताना नुसतं २० न्यूटननं ढकललं आणि तो हललाच नाही, तर घर्षण किती? २९.४ नाही, बरोबर २०. स्थिर असताना घर्षण गरजेपुरतंच लागतं, त्याच्या कमाल मर्यादेपर्यंत.

दुसरं गणित चित्राची किंमत दाखवतं. २ किलो आणि ३ किलोचे दोन ठोकळे चिकटून ठेवलेत, घर्षण नाही, २ किलोच्या ठोकळ्याला २० न्यूटननं ढकललं. दोन्ही मिळून ५ किलो, त्वरण ४. दुसऱ्या ठोकळ्यावर किती बल? पटकन २० म्हणावंसं वाटतं, पण फक्त ३ किलोच्या ठोकळ्याचं चित्र काढा, त्याला आडवं ढकलणारा एकटा पहिला ठोकळाच आहे, आणि बल = ३ × ४ = १२. उरलेले ८ न्यूटन पहिल्या ठोकळ्याचा स्वतःचा वेग बदलायला गेले.

पायरी ८: तिसरा नियम, पण जोडी नीट ओळखा

क नं ख वर बल लावलं की ख पण क वर तेवढंच उलट्या दिशेनं लावतो. जोडीतली दोन बलं कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, त्यामुळे ती एकमेकांना रद्द करतात हे म्हणणंच चुकीचं. टेबलावर पुस्तक असेल तर वजन आणि नॉर्मल फोर्स ही जोडी नाही, दोन्ही पुस्तकावरच आहेत. वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते.

लिफ्टमध्ये हे उघड दिसतं. ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा, लिफ्ट वरच्या दिशेनं १.२ चं त्वरण घेतेय. नॉर्मल − ५८८ = ६० × १.२, म्हणजे नॉर्मल ६६० न्यूटन, काटा साधारण ६७ किलो दाखवणार. पृथ्वीचं ओढणं ५८८ च, म्हणजे वजन आणि नॉर्मल फोर्स सारखी असतात ती फक्त त्वरण शून्य असताना. आणि लिफ्ट एकसारख्या वेगानं वर जायला लागली की काटा परत ६० वर येतो, कितीही वेगात असली तरी.

फोनमधल्या सेन्सरनं पण बघता येतं, फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे त्यात अ‍ॅक्सिलरेशनचा ग्राफ दिसतो. टेबलावर निवांत पडलेला फोन ९.८ दाखवतो आणि उशीवर पडू दिला तर पडतानाच्या क्षणी जवळपास शून्य, कारण सेन्सरला गुरुत्व कळतच नाही, त्याला टेबलाचा आधार कळतो. अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात तेही असंच, ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व अजून ८.७ च्या आसपास आहे, पण ते स्थानकासकट सतत पडतायत, त्यांना आधारच नाही.

पायरी ९: वळण

वेगाला दिशा असते, म्हणून एकाच चालीनं वळणाऱ्या वस्तूलाही त्वरण असतं, वर्तुळाच्या केंद्राकडे, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. २० मीटर प्रति सेकंदानं १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ते ४ येतं, १००० किलोच्या गाडीला ४००० न्यूटन लागतात आणि सपाट रस्त्यावर ते टायरचं घर्षण देतं. चित्रात "केंद्राभिमुख बल" म्हणून वेगळा बाण काढू नका, घर्षणाचा बाण आधीच काढलेला आहे, तोच तो.

पायरी १०: उत्तर तपासा

युनिट जुळतंय का ते आधी बघा, मग टोकाच्या किमती टाकून बघा. गुळगुळीत उतारावरून घसरणाऱ्या वस्तूचं त्वरण ९.८ × साइन कोन येतं, ३० अंशाला ४.९. कोन शून्य केला तर त्वरण शून्य, बरोबर, सपाट जमिनीवर कुणी आपोआप घसरत नाही. ९० अंश केला तर ९.८, तेही बरोबर, ती सरळ पडणारी वस्तू झाली. तुमच्या उत्तरात साइनच्या जागी कोसाइन आलं असेल तर सपाट जमिनीवरची वस्तू ९.८ नं पळेल असं निघतं, मग चित्राकडे परत जा, वजनाच्या बाणाचे दोन भाग करताना कोन चुकीच्या जागी धरला गेलाय.